स्टोअरच्या काउंटरवर बसण्याआधी

प्रिय ताई,
(पोरं आठवड्याभरात तुला हेच म्हणायला लागणार, म्हणून मी आत्तापासूनच म्हणतो.)

पाचगणीला होस्टेलच्या शाळेत स्टोअरला लागलीस हे कळलं, बरं वाटलं. टॅली, एक्सेल तुला येतच असेल, ते मी काय शिकवणार. मी सांगतोय ते वेगळंच आहे.

मुलांच्या हातात कॅश नसते. आईबाप टर्मच्या सुरुवातीला पॉकेटमनी भरतात आणि साबण, पेस्ट, वह्या, बूटपॉलिश सगळं खात्यातून कापलं जातं, म्हणजे कुणाच्या नावावर किती उरलेत ते तुला आणि तुझ्यासोबतच्या शिपाईमामांना रोज दिसणार. संध्याकाळी खेळून आली की काउंटरवर झुंबड उडते, तेव्हा "तुझे पैसे संपलेत" असं मोठ्याने म्हणायचं नाही, कधीच नाही, रात्रीच्या जेवणाआधी अख्ख्या डॉर्मिटरीला कळतं कुणाच्या घरून पैसे आले नाहीत ते. चिठ्ठीवर आकडा लिहून सरकव, साबण-पेस्ट दे, खाऊ तेवढा थांबव आणि ऑफिसला सांगून घरी फोन करायला लाव.

आता महत्त्वाचं. सहावीतलं एखादं बारकं पोरगं, डोक्यावर नुसते खुंट, आणि आठवड्यात दोनदा शाम्पूची बाटली नेतंय, वर बिस्किटं, वर भारीतला पेन, तर समज वरच्या वर्गातला कुणीतरी त्याला पाठवतोय. काउंटरवर विचारलंस तर "मलाच पाहिजे" म्हणणार, कारण तो दादा तिथेच खांबाला टेकून उभा असतो. म्हणून तिथे काही बोलू नकोस. नंतर त्याच्या खात्याचं पान काढ, खर्च कुठल्या तारखेपासून एकदम वाढला तिथे पेन्सिलीने खूण कर आणि ते घेऊन हाउसमास्तर नाहीतर मेट्रनकडे, म्हणजे होस्टेलात मुलांचं बघणाऱ्या सरांकडे किंवा बाईंकडे, जा. "मला असं वाटतं" म्हणत गेलीस की हसण्यावारी नेतात, रजिस्टर समोर टेकवलं की मान वर करून बघतात. म्हणून तर प्रत्येक वस्तू वेगळी लिहायची, दिवसाच्या शेवटी "किरकोळ" लिहून मोकळं व्हायची खोड स्टोअरवाल्यांना फार असते, ती तुला लागू देऊ नकोस.

मुलींसाठी सॅनिटरी पॅड काउंटरच्या मागे मामांच्या हाताखाली ठेवले असतील तर पहिल्या दिवशीच जागा बदल. मेट्रनकडे पेटी ठेव, मुली घेतील आणि महिन्याला एकदा नोंद होईल, एवढं साधं आहे.

खाऊचं सांगायचं तर एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, 2020 चे नियम आहेत, जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ शाळेत आणि गेटपासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. पोरं चिप्ससाठी जीव खातील. शेंगदाणे, फुटाणे, केळी ठेव, खपतात, थोडे दिवस कुरकुर ऐकावी लागते.

आणि पालक बिल नीट वाचतात बरं का. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या-पेन्सिलींवरचा जीएसटी शून्य झाला, साबण-पेस्ट-शाम्पूवरचा 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तर जुन्या छापील किमतीचा माल अजून कपाटात असेल तर तो आधी वेगळा काढ नाहीतर फोन तुलाच येणार.

राहिला पाऊस. तुझा टेम्पो वाईहून पसरणी घाटाने वर येणार आणि जुलैत त्याचा काही भरवसा नाही, तेव्हा मे संपायच्या आत माल भर. खोकी जमिनीवर टेकवू नकोस, फळ्यांवर ठेव, आणि चामडी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंब, नाहीतर पंधरा दिवसांत पांढरी बुरशी धरते आणि परत घ्यायला कुणी तयार होत नाही. बुटांच्या साईजची यादी झाली की मला व्हॉट्सॲपवर टाक, कुठल्या साईज आधी संपतात ते बघून सांगतो.

तुझा,
काका