आई नोव्हेंबरात परेडचंच बोलते

"ताई, आईला डिमेन्शिया तर होत नाहीये ना?" फोनवरचं हे पहिलंच वाक्य. बोलणारी पन्नाशीची, अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या एका उपनगरात राहणारी. आई-बाबा तिच्यापासून दहा मिनिटांवर. ऑक्टोबर सरला की आईच्या तोंडी एकच विषय, डेट्रॉईटच्या हडसन या दुकानाची परेड. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सकाळची ती मिरवणूक, ती थंडी, ते राक्षसाएवढे मुखवटे. "पन्नास वर्षं झाली त्याला. ते दुकान पाडलं, त्यालाही जमाना झाला. आणि सांगता सांगता रडते हो. मला तर ती परेड आठवतसुद्धा नाही."

मी समुपदेशक, असे फोन मला बरेच येतात. कुणाचे बाबा गिरगावातल्या चाळीत अडकलेले असतात, कुणाची आई नाशिकच्या वाड्यात. काळजी एकच असते : हे म्हातारपणाचं आहे की आजाराचं? या मुलीच्या आईचा, काकू म्हणू त्यांना, अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, कारण हे काम समुपदेशकाने अंदाजाने करायचं नसतं. तिथे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात आणि घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावतात. काकूंनी काटे बरोबर काढले आणि विचारलं, "सेकंदकाटा पण हवाय का?" रक्ताच्या तपासण्याही ठीक आल्या.

तीच जुनी आठवण तशीच्या तशी पुन्हा सांगणं ही तेवढ्यावरून घाबरण्याची गोष्ट नव्हे. पंधरा ते तिशीच्या दरम्यानच्या आठवणी बहुतेकांच्या मनात जास्त ठळक राहतात. काकू या देशात आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. पण आत्ता दिलेलं उत्तर दहा मिनिटांत विसरून तोच प्रश्न पुन्हा येतो आहे, रोजच्या रस्त्यावर चुकायला होतं आहे, बिलं भरायची राहू लागली आहेत, असं दिसलं तर थांबू नका. झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही आणि हे दोन-दोन आठवडे चाललंय, तर तेही दाखवा. काकूंचं यातलं काही नव्हतं. त्यांची भिशी चालू होती, शब्दकोडं चालू होतं. रडू यायचं ते फक्त परेडला.

मग मी चूक केली. काकू मूळच्या पुण्याच्या. मला वाटलं, ही पुण्याची ओढ आहे आणि परेड हे त्या ओढीने घेतलेलं सोंग. दोन भेटी मी लक्ष्मी रोडच्या विसर्जन मिरवणुकीभोवती घालवल्या. वडिलांच्या खांद्यावर बसून काय दिसायचं, ढोल कसे वाजायचे वगैरे. काकू उत्तरं देत होत्या, पण बँकेत फॉर्म भरताना देतो तशी. तिसऱ्या भेटीत त्या मला म्हणाल्या, "अगं, पुणं मला आठवत नाही असं नाही. पण पुण्याहून मी सगळ्यांना सांगून, पाया पडून निघाले. इथून पळाले."

'इथून' म्हणजे डेट्रॉईट शहरातून. या वाक्यापाशी मी पुण्याचा नाद सोडला आणि परेड नीट ऐकायला बसले.

हडसन हे वुडवर्ड ॲव्हेन्यूवरचं प्रचंड मोठं दुकान, त्याचा मनोरा पंचवीस मजली. बाराव्या मजल्यावर खेळण्यांचं गावच. या दुकानाने १९२४ साली थँक्सगिव्हिंगची परेड सुरू केली. कागदाच्या लगद्याचे भले मोठे मुखवटे इटलीतल्या व्हियारेज्जोहून मागवलेले, सगळ्यांत शेवटी सांताक्लॉज, आणि त्याला शहराची किल्ली दिली जायची. काकू आल्या १९७१ मध्ये. काका एका मोटार कंपनीत इंजिनिअर. शहरात भाड्याचं घर, गाडी एकच, ती काका घेऊन जायचे. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात शेजारच्या बाईंनी दार वाजवलं आणि हुकूमच सोडला : उद्या पहाटे तयार राहा. ब्लॅक कुटुंब, यजमान कारखान्यात असेंब्ली लाइनवर. बाईंनी साडीवर चढवायला स्वतःचा जाड कोट दिला, दोन-दोन मोजे घालायला लावले आणि या नव्या नवरीला गर्दीत कोपराने वाट काढत थेट पुढे नेऊन उभं केलं. मोठी डोकी हलत-डुलत आली तेव्हा काकू मराठीतच ओरडल्या म्हणे, "अगं बाई, रावण!" बाईंना ते इतकं आवडलं की पुढे दर वर्षी पहिलं डोकं दिसलं की त्याच ओरडायच्या : रावण!

अशा पाच परेड झाल्या. मुलगी झाली, ती बाईंच्या कडेवर वाढली.

१९७७ मध्ये काकू-काकांनी उपनगरात घर घेतलं. एकट्यांनीच नव्हे. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं असलेलं हे शहर आता साडेसहा लाखांच्याही खाली आहे. १९६७ च्या दंगलीनंतर गोऱ्या कुटुंबांचा शहराबाहेर जाण्याचा ओघ वाढला होता. काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने कुठल्या शाळेत पाठवायचं हा वाद १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि उपनगरं त्यातून बाहेर राहिली. चांगली शाळा हवी तर बाहेर पडा, असं ऑफिसात सगळेच काकांना सांगत. "आम्हीही तेच केलं," काकू म्हणाल्या. "आम्ही ब्राउन, म्हणून आमचं वेगळं, असं मी स्वतःला किती तरी वर्षं सांगितलं."

निघताना बाई म्हणाल्या होत्या, परेडला येत जा. काकू गेल्या नाहीत. आधी बाळ लहान होतं, मग थंडी, मग 'तिकडे आता जायला नको'. हडसनने १९७९ नंतर परेडचं यजमानपण सोडलं, १९८३ च्या जानेवारीत दुकान बंद झालं, २४ ऑक्टोबर १९९८ ला सुरुंग लावून इमारत पाडली. ते काकूंनी टीव्हीवर पाहिलं. धूळ खाली बसायच्या आत त्यांनी टीव्ही बंद केला आणि भांडी घासायला गेल्या. बाईंना फोन करावा असं तेव्हा मनात आलं होतं. एकवीस वर्षांनी काय बोलणार, म्हणून केला नाही.

परेड मात्र बंद पडलेली नाही. दुसऱ्या लोकांनी ती चालवली आणि आजही ती वुडवर्डवरूनच निघते. हे काकूंना पहिल्यापासून माहीत होतं. मुलीने "चल ना मग, बघून येऊ" म्हटलं की त्या चिडायच्या, "ती ती नाही." घरच्यांना तो हट्ट वाटायचा.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकाने घडवला तो चक्क रोगाचं नाव म्हणून. परमुलखात झुरणाऱ्यांना घरी पाठवा, हा त्याचा उपाय. आता याला कुणी रोग म्हणत नाही, पण घरातली माणसं अजून होफरसारखीच वागतात : नेऊन दाखवा, म्हणजे बरं वाटेल. किंवा उलटं टोक, "आई, सोड आता ते." काकूंना परेड परत नको होती. आपण वाईट वागलो, हे एकदा कुणापुढे तरी मोठ्याने म्हणायचं होतं. मुलीपुढे म्हणता येत नव्हतं, कारण ते घर सोडलं ते मुलीच्याच शाळेसाठी.

मुलीला मी एवढंच सांगितलं की परेडची गोष्ट निघाली की 'किती वेळा' मोजू नका. विचारा, तुझ्या बाजूला कोण उभं होतं? तिने विचारलं. स्वतःच्या बालपणातली ही बाई तिला पहिल्यांदा कळली ती स्वयंपाकघरात, पोळ्या लाटताना. काका बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "कशाला ते उकरतेस." पण टीव्हीचा आवाज त्यांनी कमी केला होता, असं काकूंनी मला मुद्दाम सांगितलं.

त्या थँक्सगिव्हिंगला मायलेकी गेल्या. आधी जुन्या गल्लीत. दोन्ही घरं नाहीत, नुसतं गवत. नंतर वुडवर्डवर, जिथे हडसनच्या जागी आता काचेची उंच इमारत उभी आहे. पार्किंगच्या पैशांवरून काकूंनी मला दहा मिनिटं ऐकवलं. मोठी डोकी आली का, मी विचारलं. "आली की." मग? "मग काय, ओरडले. शेजारचं पोर घाबरून बघायला लागलं."

बाई ज्या चर्चला जायच्या ते अजून तिथेच आहे. मुलीने तिथला नंबर शोधून फ्रिजवर लावला आहे. बाई हयात असतील तर नव्वदीच्या पुढे असतील. तीन आठवडे झाले, काकूंनी अजून फोन केलेला नाही. आमची पुढची भेट मंगळवारी आहे.