वही अण्णांच्या हाती दे

(पत्राचा आशय: अण्णा ७४ वर्षांचे, एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. हार्ट फेल्युअरमुळे वर्षात दोनदा दवाखान्यात. गोळ्या लेक हातावर ठेवते, लोणच्याची बरणी कपाटात कुलपात. लग्नाला जायचं म्हणून अण्णांनी लघवीची (अंगात साठलेलं पाणी बाहेर काढणारी) गोळी गुपचूप टाळली. ती रागावली, तर ते ताटावरून उठले: "हे घर आहे की जेल?")

लेकी,

तू वाईट नाहीस, घाबरलेली आहेस. धाप लागलेल्या बापाला मध्यरात्री रिक्षात घालून नेलं की कुणीही बरणीला कुलूप लावेल. पण ज्या माणसानं उभ्या नोकरीत रोज डेपोत वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) आणि रोकड पैन्‌पै जुळवून दिली, त्याला स्वतःच्या गोळ्याही मोजू दिल्या जात नाहीत. ते त्यांना झोंबलंय.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. पंप कमी पडतो आणि अंगात पाणी साठतं. ते बऱ्याचदा आधी वजनकाट्यावर दिसतं, मग घोट्यांवर, मग श्वासात. हा आजारच हिशेबाचा आहे गं, आणि हिशेब अण्णांइतका तुमच्या घरात कुणाला येतो?

काटा आण, एक वही आण. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, वजन त्यांनीच बघायचं आणि लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, पावलं सुजली किंवा झोपताना एकाच्या दोन उशा लागू लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. तोही त्यांनीच करायचा. बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर मात्र वही सोडून थेट दवाखाना.

दिवसाचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचा; डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेवढं. लोणच्याची फोड हवी? मग आमटी अळणी, पापड बंद. ठरवू दे त्यांना. 'लो सोडियम' मीठ मात्र परस्पर आणू नकोस; त्यात पोटॅशियम असतं आणि हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरतं. गुडघेदुखीची गोळीही मेडिकलमधून आपल्या मनानं नको, त्यातल्या बऱ्याच अंगात पाणी धरून ठेवतात.

आणि लघवीच्या गोळीचं सांगू? लग्नात सारखं उठावं लागण्याची लाज वाटली असेल त्यांना. तुला सांगणार कसे? बाहेर जायच्या दिवशी गोळीची वेळ बदलता येईल का, हे पुढच्या भेटीत त्यांनाच विचारू दे. तू शेजारी बस, उत्तरं मात्र त्यांना देऊ दे.

आज संध्याकाळी बरणी टेबलावर ठेव आणि म्हण, "अण्णा, वहीत रकाने आखून द्या, मला नाही जमत."

तुझी,
मावशी