कॉलेजातली चित्रं: ठेवू की फाडू?

प्रश्न: मी हौशी चित्रकार, रीतसर कुठे शिकलो नाही. कॉलेजात असताना भरपूर काढायचो, पेन्सिल, बॉलपेन, हाताला लागेल त्यानं. नोकरी लागली आणि सगळं बंद पडलं. परवा माळा आवरताना जुनी फाइल सापडली, साठ-सत्तर कागद असतील. आधी मजा वाटली मग लाजच वाटली, सगळ्यांचे डोळे कपाळावर चढलेले आणि हात खिशात. पण त्यातली दोन-चार अशी आहेत की आज मला तशी जमणार नाहीत, हे कसं काय? बाकीची दुरुस्त करू का फाडून टाकू? कागदही पिवळे पडलेत.

उत्तर: आधी फाडायचं थांबा. हात खिशात वाचून हसलो कारण हात काढायला लागू नयेत म्हणून मी सगळ्यांना हात पाठीमागे बांधून उभं करायचो, माझ्या फाइलमधली माणसं बघितली तर सगळी शिक्षा झाल्यासारखी दिसतात.

डोळ्यांचं म्हणाल तर ते जवळपास प्रत्येकाचं होतं. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजलं तर डोळे साधारण मध्यावर येतात, आरशासमोर उभं राहून पेन्सिलीनं मोजून बघा, पटत नाही इतके खाली असतात. पण आपलं सगळं लक्ष डोळे, नाक, ओठांवर, वरचं कपाळ आणि केस म्हणजे नुसती रिकामी जागा वाटते, मग ती आपोआप आखडते आणि डोळे वर सरकतात. म्हणजे हात वाईट नव्हता, बघणं कच्चं होतं.

आता ती दोन-चार चांगली. पैज लावतो की ती मोठ्या ड्रॉइंग पेपरवर कोपऱ्यात झोकदार सही ठोकलेली नाहीत. वहीच्या मागच्या पानावरची असणार, कंटाळवाणं लेक्चर चाललंय, पुढच्या बेंचवर कुणीतरी डोकं टेकून झोपलंय आणि तुम्ही बॉलपेननं काढताय. बॉलपेन खोडता येत नाही म्हणून रेघ चुकली तरी पुढेच जाते, झोपलेला माणूस हलत नाही, आणि मुख्य म्हणजे ते कुणाला दाखवायचं नव्हतं. उलट फोटोवर चौकटी पाडून उतरवलेले, बोटानं शेडिंग घासून गुळगुळीत केलेले चेहरे, ज्यांचं तेव्हा सगळ्यात कौतुक झालं, ते आता मेणाचे वाटत असतील. माझे तरी वाटतात. आज जमणार नाही असं जे वाटतंय ना, ते बहुतेक यामुळेच, आता कागद घेतला की आपण चित्र काढायला बसतो, तेव्हा नुसतं बघत होतो.

दुरुस्ती अजिबात नको, हे मी पोळून सांगतोय. एका मित्राचं जुनं पेन्सिलचं पोर्ट्रेट होतं, डावा डोळा चुकलेला, एका रविवारी सिक्स-बी, म्हणजे मऊ आणि गडद काळी पेन्सिल घेऊन नीट करायला बसलो. डोळा जागेवर आला आणि मित्र गेला. नवीन काळं जुन्या करड्या रेषेत मिसळेचना, मग बाकीचं त्याला जुळवत बसलो, संध्याकाळपर्यंत तो भलताच कुणीतरी झाला होता. त्यापेक्षा तोच विषय नव्या कागदावर काढा, ट्रेस न करता, माणूस भेटण्यासारखा असेल तर समोर बसवून वीस मिनिटांत, आणि दोन्ही शेजारी ठेवा.

फाडण्याबद्दल, मायकेलअँजेलोनं १५६४ मध्ये मरण्याआधी आपली बरीच ड्रॉइंग्ज जाळली, आपल्याला किती खटपट करावी लागली ते कुणाला दिसू नये म्हणून, असं त्याचा चरित्रकार वासारी सांगतो. ठीक आहे, त्याच्याकडे मागे ठेवायला इतर बरंच होतं. आपल्याकडे ही फाइलच आहे.

कागदाचं पिवळेपण घरी जात नाही, ब्लीच वगैरे प्रयोग नकोत. स्वस्त कागदाच्या लगद्यात लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य राहिलेलं असतं, उजेड आणि हवा लागून तेच पिवळं पडतं. शिसपेन्सिल म्हणजे ग्रॅफाइट, ते फिकं होत नाही फक्त घासलं की पुसलं जातं, म्हणून भिंतीवर लावायचं तर पेन्सिलचं लावा, तेही उन्हात नको, कागद पिवळा पडतोच. बॉलपेन आणि स्केचपेनची शाई उजेडानं उडते, ती आजच स्कॅन करून अंधारात ठेवा. दोन चित्रांच्या मध्ये अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेला) कागद घाला, वर्तमानपत्र नको, ते स्वतःच त्याच जातीचं. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही टाळा. फिक्सेटिव्ह, म्हणजे पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारतात तो स्प्रे, मारायचाच तर आधी फालतू कागदावर, खिडकी उघडून, लांबून दोन हलके हात. हेअरस्प्रे नको.

आणि जुन्या चित्रांवर आता सही करू नका. साल आठवत असेल तर मागच्या बाजूला कडेला मऊ पेन्सिलीनं हलकं लिहा, बॉलपेननं लिहिलंत तर दाब पुढे उमटतो.