इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावात आईबाबांना घेऊन राहायचं, तर कॉटेज घ्यावं की हॉटेल?

आठवडाभर राहणार असाल तर कॉटेजच. पण आईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी नदीचा काठ ठरवा, घर नंतर.

एस्क नदीमुळे व्हिटबीचे दोन भाग पडलेत. फोटोत दिसतं ते जुनं गाव पूर्वेचं. लाल कौलं, फरसबंदीचा चर्च स्ट्रीट आणि त्यातून आत शिरणारे बोळ, ज्यांना तिथे 'यार्ड' म्हणतात. बरीचशी कॉटेजेस या बोळांतच आहेत. जुन्या घरांत एकावर एक खोल्या चढवलेल्या, जिना जवळजवळ शिडीसारखा, आणि झोपायची खोली वर तर बाथरूम खाली असंही असतं. जाहिरातीत दिवाणखान्याचे पाच फोटो असतात, जिन्याचा एकही नाही. तो मालकाकडून मागून घ्या. शिवाय गाडी दारापर्यंत जाईलच असं नाही, बॅगा कोण उचलणार तेही बघा.

आम्ही लीड्सला राहतो. सासूबाई येतात तेव्हा पश्चिमेला, वेस्ट क्लिफवर तळमजल्याची जागा घेतो. गावाची मजा थोडी कमी होते हे खरं, पण त्या स्वतःच्या स्वतः फिरायला बाहेर पडतात, मला तेवढं पुरतं.

ॲबीला, म्हणजे टेकडीवरच्या जुन्या ख्रिस्ती मठाला, जायच्या 199 पायऱ्या आईंना चढवू नका. वर टेकडीवर पार्किंग आहे, गाडीने जा. मठ हिल्डा नावाच्या जोगिणीने 657 साली स्थापला, आणि ईस्टरची तारीख कशी धरायची याचा वाद 664 मध्ये इथेच मिटला. आज उभे आहेत ते अवशेष मात्र कित्येक शतकांनंतरच्या चर्चचे. बाबांना जहाजांची आवड असेल तर ग्रेप लेनवरचं, प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन कुकचं संग्रहालय दाखवा. शिकाऊ खलाशी असताना कुक या घरात राहायचा.

हॉटेलऐवजी कॉटेज म्हणण्याचं माझं खरं कारण स्वयंपाकघर. हेन्रिएटा स्ट्रीटवर 1872 पासून चालणारं फॉर्च्यून्सचं धुरीघर आहे, तिथले किपर म्हणजे धुरी दिलेले हेरिंग घरी आणून गरम भाताबरोबर खा. पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा आपलाच न्या. फोडणीआधी एक्झॉस्ट लावा आणि खिडकी उघडा, नाहीतर स्मोक अलार्म सगळ्या बोळाला उठवेल.

उन्हाळ्यात बहुतेक मालक शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवारच देतात. तीन-चार रात्रीच हव्या असतील तर ऑक्टोबरनंतर बघा, भाडंही उतरतं. आणि धक्क्यावर उभं राहून फिश अँड चिप्स खाऊ नका, सीगल हातातून पळवतात.