वारुळाची माती खत म्हणून चालते का?

प्रश्न : आमचं रान हलकं, मुरमाड. बांधाला दोन जुनी वारुळं आहेत. त्यांची माती पसरली तर खत कमी टाकून भागेल का? रानातले दगडही वेचून काढावेत का? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : माती जरूर पसरा, पण खत कमी करू नका.

तुमच्या रानाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. त्याच्या एका टनात साधारण 100 किलो कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे चुना असतो. पालाश (पोटॅश) जेमतेम 3 ते 5 किलो, स्फुरद (फॉस्फरस) 2 किलोच्या आसपास आणि नत्र (नायट्रोजन) जवळपास नाहीच. खडक झिजेल तसंच हे सुटतं, आणि कमी पावसात झीज फार मंद. सुटलेला चुनाही वाहून न जाता चुनखडी होऊन मातीतच बसतो, सामू (pH) 8 च्या वर नेतो. मग स्फुरद, लोह, जस्त मातीत असूनही पिकाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात ती यामुळेच.

वाळवी खालच्या थरातली बारीक चिकणमाती लाळेत मळून वर आणते. मुरमाड रानाला खरी गरज याच चिकणमातीची आहे, कारण पाणी आणि पालाश तीच धरून ठेवते. उंदीर-घुशी अर्धवट झिजलेला मुरूम उकरून वर टाकतात; त्याला हवा-पाणी लागून झीज वाढते. बिळातल्या लेंड्या आणि कुजलेली कणसं थोडं नत्र देतात. मात्र उतारावर ही भुसभुशीत माती पहिल्याच वळवाने वाहून जाते, म्हणून पेरणी उताराला आडवी हवी.

वारूळ पडकंच घ्या. जितं फोडलं तर वाळवी पुन्हा बांधते. जुन्या वारुळात साप असू शकतो, तेव्हा दिवसा, लांब दांड्याच्या खोऱ्याने उकरा. मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाका. जोरात फसफसली तर चुनखडी भरपूर आहे, ती माती नको. बाकीची ढेकळं फोडून आधी एका गुंठ्यात पातळ पसरा आणि शेणखतासोबत कुळवाने मिसळा. जाड थर राहिला तर पावसानंतर पापुद्रा धरतो आणि उगवण मार खाते.

दगड सगळे वेचू नका. बारीक खडे थेंबांचा मार आणि बाष्पीभवन दोन्ही कमी करतात. कुळवाला अडतील तेवढे मोठे काढून समपातळीत ताल (दगडी बांध) घाला.

माती परीक्षणाचा नमुना मात्र वारूळ, बांध किंवा झाडाखालून घेऊ नका. तिथली माती बाकी रानाहून वेगळी असते, आणि त्या अहवालावर ठरवलेली खतमात्रा चुकते.