थांबव आणि बोल

प्रिय डॉक्टर,

परवा राउंडनंतर जिन्यात तू म्हणालीस, "सर, जाता-येता रोज दीड तास लेक्चर्स ऐकते. पण कुणी काही विचारलं की डोकं कोरं." मी नुसता हसलो, पुढची केस वाट बघत होती. रात्री मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना.

ऐकताना सगळं समजतं ना? गोची तिथंच आहे. बोलणारा सोपं करून सांगतो, आपण मान डोलावतो आणि समजलं म्हणजे आलं असं धरून चालतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघ. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, आठवड्यानं घेतली तर आठवणारे. तू रोज पाच मिनिटांची परीक्षा पास होते आहेस, बाकी काही नाही.

मीही तेच करायचो, वर दीडपट वेगानं. हायपरकलेमियाचं, म्हणजे रक्तात पोटॅशियम फार वाढण्याचं, लेक्चर मी तीनदा ऐकलं होतं. मग एका रात्री पेशंट आला: ईसीजीत टी वेव्ह टोकदार, क्यूआरएस रुंदावलेला, म्हणजे पोटॅशियम हृदयाला भिडल्याच्या खुणा. वरिष्ठांनी विचारलं, "आधी काय देणार?" मी म्हणालो, "इन्सुलिन." शेजारी सिस्टर कॅल्शियम ग्लुकोनेट भरून सिरिंज हातात धरून उभ्या होत्या. त्या बोलल्या काहीच नाहीत, सिरिंज फक्त थोडी पुढे केली. कॅल्शियमनं पोटॅशियम उतरत नाही, ते आधी हृदयाला सांभाळतं. पोटॅशियम पेशींत ढकलायचं काम इन्सुलिन-डेक्स्ट्रोजचं. तीनदा ऐकलेलं वाक्य! पेशंट वाचला, पण त्यात माझा काही वाटा नाही.

म्हणून सांगतो, थांबव आणि बोल. प्रश्न आला की आवाज बंद, उत्तर तुझ्या तोंडून, मग पुढे. लोकांत लाज वाटते? फोन कानाला लाव, कुणी वळूनही बघत नाही. आणि तयार लेक्चर्सवर कशाला विसंबतेस? ड्युटी संपताना आजच्या केसवर दोन प्रश्न स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड कर. "जुनं हायपोनॅट्रेमिया, रक्तातलं सोडियम १०४ इतकं कमी. चोवीस तासांत किती वाढवणार?" मग दहा सेकंद कोरी जागा. मग उत्तर: आठच्या वर नाही, कारण घाई केली तर मेंदूतल्या पॉन्स या भागाला कायमची इजा होऊ शकते. त्या दहा सेकंदांत जे होतं तोच अभ्यास. बाकीची करमणूक आहे, आणि करमणूकच हवी तर गाणी ऐक, मी अडवणार नाही.

एक्सरे, ईसीजी कानानं शिकायच्या भानगडीत पडू नकोस. मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, मात्र जरूर ऐक. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकनं १८१६ मध्ये कागदाची सुरळी छातीला लावली तेव्हापासून तो कानाचाच विषय आहे. तिथंही आधी बोल, सिस्टोलिक (हृदय आकुंचताना) की डायस्टोलिक (सैल पडताना), मगच नाव बघ.

नाइटनंतर काही ऐकायचं नाही. चोवीस तास जागा माणूस दारू प्यायल्यासारखा चुकतो. तशा अवस्थेत मी स्वतः गाडी चालवली आहे, कानात लेक्चर लावून. त्यातलं एक वाक्य आठवत नाही. एका सिग्नलला मागच्या गाडीच्या हॉर्ननं जाग आली, तेवढं आठवतं. तू चालवू नकोस. यावर वाद नको.

घरचे म्हणायचे, दारात आलास तरी कान मोकळे नसतात. खरं होतं. पण वॉर्डात बारा-बारा तास आणि घरी पडल्या पडल्या झोप, मग मी वाचणार कधी होतो? आजही मला ती चूक वाटत नाही. फक्त तो वेळ नुसता ऐकण्यात गेला, याची चुटपुट आहे. थांबवून बोललो असतो तर निम्म्या वेळात झालं असतं आणि दारात तरी कान मोकळे राहिले असते.

सोमवारी राउंडला तुला पोटॅशियम विचारणार आहे. आत्ताच सांगून ठेवतो.