ग्रीक ९० चा चौकोन का होतो?

प्रश्न: मुलगी बेळगावात एमए करते, तिच्या नोट्समध्ये जुने ग्रीक आकडे आहेत. पीडीएफमध्ये नीट दिसतात पण व्हॉट्सॲपवर टाकले की ९० आणि ९०० च्या जागी नुसते चौकोन. ही अक्षरं आता कोण लिहितंय, मग युनिकोडात घातली कशाला? आणि ९० चं अक्षर ‘कोप्पा’ दोन-दोन सापडतायत, कुठला घ्यायचा?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: चौकोन आला म्हणजे अक्षर हरवलं असं नाही हो, कोड (युनिकोडनं त्या अक्षराला दिलेला नंबर) पोचलाय पण तुमच्या मोबाईलच्या फॉन्टात त्याचं चित्रच नाहीये. पीडीएफ आपला फॉन्ट सोबत घेऊन फिरते म्हणून तिथं दिसतं. कॉम्प्युटरवर नोटो सॅन्स हा फॉन्ट टाका, तिथं तरी काम होईल.

आता घातली कशाला. ग्रीक अक्षरं २४, पण १ ते ९, मग १० ते ९० आणि १०० ते ९०० लिहायला २७ लागतात की! म्हणून बोलण्यातनं गेलेली तीन अक्षरं हिशोबापुरती ठेवली, ६ ला दिगामा (पुढं त्याचंच स्टिग्मा झालं), ९० ला कोप्पा, ९०० ला सांपी. युनिकोडात ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच बसली, तीपण फक्त कॅपिटल, स्मॉल रूपं १९९९ ला आली. आपल्या मोडीला २०१४ उजाडलं, असो.

कोप्पाची गंमत अशी की कॉरिंथच्या जुन्या नाण्यांवर तो गोल आणि खाली दांडी असा आहे, आणि आकड्यातला कोप्पा लिहून लिहून विजेसारखा वाकडा झाला. आधी दोघांना एकच जागा होती, मग शिलालेखवाल्यांची पंचाईत व्हायची, म्हणून २००२ ला दांडीवाल्याला वेगळा कोड दिला. सांपीचंपण तसंच, जुन्या रूपाला २००८ मध्ये वेगळी जागा.

आणि एकदा जे बसलं ते हलत नाही. हळेगन्नडमधलं, म्हणजे जुन्या कन्नडमधलं, एक अक्षर आहे, ‘तमिळ’च्या शेवटी जो उच्चार येतो तोच, त्याला युनिकोडात चुकून ‘फ’ असं नाव पडलं. चूक सगळ्यांना माहितीय, पण नाव बदलायचं नाही असा नियम, मग शेजारी दुरुस्तीचं दुसरं नाव जोडून ठेवलंय. आमच्याकडं शाळेत कन्नड शिकलेल्यांनापण हे अक्षर बहुतेक भेटलेलं नसतं.

तर मुलीला सांगा, आकडा असेल तर वाकडा कोप्पा, नाण्यावरचा किंवा शिलालेखातला मजकूर असेल तर दांडीवाला. दोन्ही मिसळले तर सर्चमध्ये एक टाकल्यावर दुसरा सापडणार नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत.